आठवड्याचं चिंतन लिहायचं म्हणजे नेमकं काय लिहायचं?

तिसरं_गेट
नमस्कार मंडळी. मी बेळगावची, टिळकवाडीत राहते. अकरा वर्षं एका डिप्लोमा कॉलेजात मेकॅनिकलला शिकवलं, आता घरून इन्स्ट्रक्शनल डिझाइनचा, म्हणजे प्रशिक्षणाचे धडे कसे आखायचे याचा, एक वर्षाचा कोर्स करतेय. त्यात टीम प्रोजेक्ट आहे, बारा आठवड्यांचा. आम्ही पाचजण: दोघं बेळगावात, एक निपाणीला, एक धारवाडला, एक पुण्याला. विषय मीच सुचवला होता. उद्यमबागेतल्या फाउंड्रीत, म्हणजे धातू वितळवून साच्यात ओतण्याच्या कारखान्यात, नव्यानं कामाला लागणाऱ्या मुलांसाठी ओतकामाच्या सुरक्षिततेचं प्रशिक्षण, मोबाइलवर बघता येईल असं, मराठीत आणि कन्नडमध्ये. चार मॉड्यूल.

काम छान चाललंय. अडचण वेगळीच आहे. दर शनिवारी प्रत्येकानं त्या आठवड्याच्या प्रगतीवर तीनशे शब्दांचं चिंतन लिहून द्यायचं असतं. पाच आठवडे मी मनापासून लिहिलं. पाचव्या आठवड्याचं जसंच्या तसं देते (स्टोरीबोर्ड म्हणजे मोबाइलवर एकामागून एक काय दिसेल त्याचा आराखडा, त्यातलं एकेक चित्र म्हणजे फ्रेम):

"या आठवड्यात मॉड्यूल दोनचा स्टोरीबोर्ड पूर्ण केला, एकूण चौदा फ्रेम. टीमच्या दोन मीटिंग झाल्या. बुधवारी एका कारखान्याला भेट दिली. कन्नड भाषांतर सुरू झाले. मॉड्यूल तीनची उद्दिष्टे लिहिली. टीममध्ये समन्वय चांगला आहे. पुढील आठवड्यात आवाजाचे रेकॉर्डिंग करू."

त्याखाली मार्गदर्शकांनी एवढंच लिहिलं: "ही हजेरी झाली. चिंतन कुठे आहे?"

त्यांनी गिब्जचं चक्रही पाठवलं. वर्णन, भावना, मूल्यमापन, विश्लेषण, निष्कर्ष, पुढची कृती. सहा कप्पे. मी सहाही भरून पाहिले. भावनांच्या कप्प्यात "समाधान वाटले" लिहिलं आणि पुढे पेन हलेना.

मला खरंच शिकायचंय, म्हणून विचारतेय. तुम्ही कामाचं असं आठवड्याचं लिखाण करता का? काय लिहिता? आणि त्यानं काम सुधारतं का, की ते गुणांपुरतंच असतं?

खडेबाजार_सकाळी_आठ
तुमच्या सरांचं एक वाक्य फ्रेम करून आमच्या ऑफिसात लावायला पाहिजे. आमच्याकडं दर सोमवारी हजेरीच लिहितात सगळे, तीसुद्धा मागच्या आठवड्याची कॉपी करून.

पाठ_टाचण
ताई, मी निवृत्त प्राथमिक शिक्षक. खानापूर तालुक्यात मराठी शाळांवर एकतीस वर्षं काढली. तुमचा प्रश्न वाचून माझी टाचणवही आठवली.

प्रत्येक पाठाच्या टाचणात शेवटी एक बारीक रकाना असायचा, शेऱ्याचा. पहिली सहा-सात वर्षं मी त्यात "पाठ समाधानकारक झाला" असंच लिहीत आलो. साहेब तपासायला यायचे, सही करून जायचे, कुणाचीच तक्रार नव्हती. मग एका वर्षी दुसरीच्या वर्गात हातच्याची वजाबाकी शिकवत होतो. बेचाळीस वजा अठरा. निम्म्याहून जास्त मुलांनी छत्तीस उत्तर काढलं. दोनातून आठ जात नाहीत म्हणून पोरांनी आठातून दोन वजा केले होते. त्या दिवशी शेऱ्याच्या रकान्यात लिहिलं: "मुलं मोठ्या अंकातून लहान अंक वजा करतात. कोणता अंक वर आहे हे बघतच नाहीत. काड्यांचे गठ्ठे सोडून दाखवायला हवे होते, मी थेट फळ्यावर गेलो."

दुसऱ्या वर्षी त्याच पाठाला वही उघडली तर ते वाक्य समोर. मी काड्या घेऊनच वर्गात गेलो. तेव्हापासून तो बारीक रकाना मला पुरेना, मागच्या पानावर लिहू लागलो.

पुढे शाळांत नली-कली ही शिकवण्याची पद्धत आली. म्हैसूरकडे हेग्गडदेवनकोटे तालुक्यात १९९५ मध्ये सुरू झालेली ती पद्धत आमच्यापर्यंत पोचायला बराच काळ गेला. तिच्यात शिकण्याची शिडी असते, प्रत्येक मूल आपल्या पायरीवर. शिडीवर मूल कुठं अडकलंय ते रोज दिसतं. माझं म्हणणं एवढंच, की मूल कुठं अडकलं ते लिहा. तुम्ही काय शिकवलं ते अभ्यासक्रमात लिहिलेलंच असतं.

पुणे_बेळगाव_पुणे
तिसरं_गेट, मी सॉफ्टवेअरमध्ये आहे. आमच्याकडे दर दोन आठवड्यांनी रेट्रो असते. काय चांगलं झालं, काय नाही, पुढच्या खेपेला काय बदलायचं. पाऊण तास सगळे बोलतात, लिखाण जवळपास नाहीच. मला वाटतं तुमची अडचण एकट्यानं लिहिण्यात आहे. कोऱ्या कागदासमोर बसलं की माणूस अहवालच लिहितो. पाचजणांनी शनिवारी अर्धा तास फोनवर बोला, एकानं ऐकत ऐकत टिपून घ्या आणि त्यातून प्रत्येकानं आपापले तीनशे शब्द काढा.

गुरुजींची टाचणवही आवडली, पण ते एकटे शिक्षक होते. टीममध्ये मी अडकलो हे मला दिसत नाही, शेजारच्याला दिसतं.

उद्यमबाग_दुसरी_पाळी
ताई, चिंतनाचं मला काही कळत नाही, पण फाउंड्रीचं कळतंय. बावीस वर्षं मोल्डिंग आणि ओतकामावर हाय. तुमच्या त्या चौदा फ्रेममध्ये काय घातलंय ते आधी सांगा की. नवीन पोरं मोबाइलवर बघून कामाला येणार असतील तर ते नीट पाहिजे.

मी चार गोष्टी विचारतो. एक, लेडल, म्हणजे रस ओतायचं भांडं. रस म्हणजे वितळलेला धातू. दोन, स्लॅग म्हणजे रसावरचा मळ काढायची सळई. ती गार आणि दमट असताना रसात घातली की रस उडतोय, हे किती पोरांना ठाऊक असतंय? तीन, पँट बुटाच्या आत खोचायची नाही, बाहेरनं सोडायची. आत खोचली तर थेंब सरळ बुटात जातोय. नवीन पोरगं ऐटीत पँट खोचून येतंय. चार, पावसाळा. आपल्याकडं जूनपासनं भंगार उघड्यावर भिजत पडलेलं असतंय. तसंच भट्टीत टाकलं तर काय होतंय ते मी डोळ्यानं बघितलंय. पाणी रसाखाली सापडलं की क्षणात वाफ, आणि वाफ म्हणजे पाण्याच्या सोळाशे पट जागा. रस वर उडतोय. चौदाशे डिग्रीच्या आसपासचा रस.

एवढं सांगा, मग चिंतनाचं बघू.

तिसरं_गेट
दादा, सळई आणि पँट आहे. भिजलेलं भंगार नव्हतं. आजच घालते, मनापासून आभार. पावसाळ्याचं आम्हाला सुचायला हवं होतं. बेळगावात राहून सुचलं नाही याची मलाच खंत वाटतेय.

लेडलची गोष्ट मात्र सांगायलाच हवी, कारण तुमचा प्रश्न वाचताना माझ्याच काहीतरी लक्षात आलं. आमच्या सातव्या फ्रेमवर वाक्य होतं: "रस घेण्याआधी लेडल कोरडी असल्याची खात्री करा." शेजारी लेडलचं स्वच्छ चित्र, खाली प्रश्न: रस घेण्याआधी लेडल कशी असावी? अ) कोरडी ब) ओली क) कशीही चालेल. बुधवारी कारखान्यात गेलो तेव्हा तिथल्या एका जुन्या कामगाराला मोबाइलवर ते दाखवलं. त्यांनी फ्रेम वाचली, उत्तर बरोबर दिलं आणि मग मलाच विचारलं, "बाई, खात्री करायची म्हणजे काय करायचं? वरनं कोरडंच दिसतंय. अस्तर नवीन लावलेलं असलं की ओल आत असतीय."

मग मला हाताला धरल्यासारखं नेऊन दाखवलं. बर्नर लेडलच्या तोंडावर धरलेला. आतलं अस्तर आधी काळपट, मग राखी, मग तळाला हळूहळू लालसर होत गेलं. कडेच्या एका ठिगळातून बारीक वाफेची रेघ निघत होती. ते म्हणाले, "ही रेघ थांबली पाहिजे, आणि तळ असा लाल दिसला पाहिजे. तवर रस घ्यायचा नाही." मी तिथं दहा-बारा मिनिटं नुसती बघत उभी होते.

आणि माझ्या चिंतनात या सगळ्याचं काय झालं? "बुधवारी एका कारखान्याला भेट दिली."

खडेबाजार_सकाळी_आठ
हे वाचून अंगावर काटा आला. हेच चिंतन आहे ना ताई?

मॉड्यूल_चार
मी या क्षेत्रात नऊ वर्षं आहे, म्हणून थोडं धंद्यातलं बोलते. तुमच्या सातव्या फ्रेमची चूक फार जुनी आणि फार सार्वत्रिक आहे. रॉबर्ट मेगर यांनी १९६२ मध्येच सांगून ठेवलंय की उद्दिष्टात तीन गोष्टी लागतात: शिकणारा दिसेल असं काय करणार, कोणत्या परिस्थितीत करणार, आणि ते पुरेसं झालं हे कशावरून ठरवायचं. "खात्री करा" हे दिसत नाही. "समजून घ्या", "जाणून घ्या", "जागरूक व्हा" हेही दिसत नाही. तुमच्या त्या काकांनी तिन्ही गोष्टी एका दमात सांगितल्या. काय करायचं: बर्नर लावून बघायचं. कधी: नवीन अस्तर किंवा ठिगळ असेल तेव्हा. कुठपर्यंत: वाफ थांबेपर्यंत आणि तळ लालसर होईपर्यंत. मेगर वाचून मला जे दोन महिन्यांत कळलं ते त्यांना भट्टीसमोर कळलेलं आहे.

गिब्ज यांचं चक्र १९८८ चं. वाईट नाही, पण ते एखाद्या प्रसंगाभोवती फिरवायचं असतं. तुम्ही ते अख्ख्या आठवड्याभोवती फिरवलंत, म्हणून "समाधान वाटले" एवढंच हाती आलं. आठवड्यातला एकच प्रसंग धरा. त्या बर्नरसमोरच्या दहा मिनिटांभोवती ते सहा प्रश्न विचारा, मग बघा पेन थांबतं का.

निपाणीकर_१४
सगळं ऐकायला गोड आहे. मी वेगळं बोलतो, रागवू नका. मीही असाच ऑनलाइन कोर्स केला होता. आठवड्याच्या चिंतनाला गुण होते, शंभरातले वीस. जिथं गुण आहेत तिथं माणूस खरं लिहिणार नाही. आमच्या टीममधला एकजण तीन आठवडे मीटिंगलाच आला नाही. चौघांपैकी कुणीही ते लिहिलं नाही, कारण त्याचे गुण गेले असते आणि आमची दोस्ती. मग एकमेकांचं कौतुक लिहीत बसलो. शेवटी कोर्स पूर्ण झाला, प्रमाणपत्र आलं, आणि आम्ही बनवलेला कोर्स आजतागायत कुणी उघडलेला नाही.

चूक लिहिली म्हणून गुण वाढले असं कुणाच्या बाबतीत झालंय का, एवढं सांगा. नसेल तर ताई, कप्पे भरा आणि मोकळ्या व्हा. खरं काम त्या फाउंड्रीत आहे.

पुणे_बेळगाव_पुणे
निपाणीकरांचा मुद्दा टाळता येण्यासारखा नाही. आमच्या रेट्रोतही मॅनेजर बसला की सगळे "संवाद वाढवू या" वर येतात.

जांबोटी_घाट
मी खानापूर भागात आशाताईंच्या प्रशिक्षणात काम करते. निपाणीकर, तुमच्या प्रश्नाला माझ्याकडे थेट उत्तर नाही, एक अनुभव आहे.

नवजात बाळाच्या गृहभेटींचं प्रशिक्षण होतं. दवाखान्यात बाळंतपण झालं असेल तर आशाताईनं सहा भेटी द्यायच्या: तिसरा, सातवा, चौदावा, एकविसावा, अठ्ठाविसावा आणि बेचाळिसावा दिवस. प्रशिक्षणाच्या शेवटी तोंडी परीक्षा. सगळ्याजणींनी दिवस धडाधडा म्हणून दाखवले. माझ्या त्या आठवड्याच्या नोंदीत "निकाल उत्तम" असं आहे, अजून जपून ठेवलंय.

महिन्याभरानं एका वाडीत एकीबरोबर भेटीला गेले. पावसाचे दिवस, ओढा ओलांडून. बाळाचं तापमान घेताना तिनं थर्मामीटर काखेत लावला आणि बाळाच्या आजीशी बोलत बसली. वाजला तरी काढला नाही, मग काढून माझ्याकडे दिला. "मॅडम, तुम्हीच वाचा, मला ठिपक्याच्या पुढचं कळत नाही." सहा दिवस पाठ असलेल्या बाईला दशांश चिन्ह वाचता येत नव्हतं, आणि मला ते पाच दिवसांच्या प्रशिक्षणात दिसलं नव्हतं, कारण मी कुणाच्या हातात थर्मामीटर देऊन "वाच" असं म्हटलंच नव्हतं.

किर्कपॅट्रिक यांनी १९५९ मध्ये प्रशिक्षण तपासायच्या चार पातळ्या मांडल्या: आवडलं का, शिकले का, कामावर वागणं बदललं का, आणि त्याचा परिणाम काय झाला. मी दुसऱ्या पातळीवर टाळ्या वाजवून घरी आले होते. आता माझ्या आठवड्याच्या नोंदीत एकच प्रश्न असतो: या आठवड्यात मी कुणाला प्रत्यक्ष करताना बघितलं, आणि ते कुठं थांबले? ज्या आठवड्यात कुणालाच बघितलं नाही, त्या आठवड्यात तसं लिहिते. ते वाक्य लिहायला फार जड जातं, म्हणून पुढच्या आठवड्यात मी जातेच.

उद्यमबाग_दुसरी_पाळी
जांबोटी ताई, अगदी आमच्यासारखं. आमच्याकडं पण पोरं हेल्मेट, चष्मा, हातमोजे सगळं तोंडानं सांगतात. शिफ्टमध्ये चष्मा डोक्यावर चढवलेला असतोय.

धारवाड_पेढा
माझी घरची भाषा कन्नड. शाळा बेळगावात, म्हणून मराठी आली. लिहिताना चुका झाल्या तर सांभाळून घ्या.

भाषांतराबद्दल एक सांगतो. तुमच्या फ्रेममध्ये मराठीत "ओली" हा एकच शब्द आहे. कन्नडमध्ये करताना मी तिथं थांबलो असतो. आमच्याकडे वरून पाणी लागून भिजलं तर "ओद्दे", आणि आतून अजून वाळलेलं नाही, कच्चं आहे, तर "हसी". नवीन बांधलेली, न वाळलेली भिंत "हसी". तुमच्या लेडलचा धोका बहुतेक वेळा "हसी"चा आहे, "ओद्दे"चा कमी. पाणी सांडलेलं सगळ्यांना दिसतं. तुमच्या धारवाडच्या मित्रानं कोणता शब्द घातला ते बघा. "ओद्दे" घातला असेल तर कन्नड कामगार वरून बघून म्हणेल, ओद्दे नाही, चला.

तिसरं_गेट
सर, आत्ताच त्याला फोन केला. त्यानं "ओद्दे"च घातलं होतं. म्हणाला, "मराठीत ओली होतं, मी तेच केलं, पण लिहिताना खटकलं होतं." खटकलं होतं तर बोलला का नाहीस असं विचारलं, तर म्हणाला की फाउंड्रीतलं तुम्हाला जास्त कळतं असं वाटलं.

आता मराठीही बदलायला हवी. "ओली" नको, "आत ओल राहिलेली" असं काहीतरी.

मॉड्यूल_चार
बघा, भाषांतर हे तुमच्या डिझाइनचं सर्वात कडक परीक्षण निघालं. दोन भाषांत काम करणाऱ्या टीमला ही सोय फुकट मिळते, पण आपण भाषांतर नेहमी शेवटी ठेवतो, सगळं पक्कं झाल्यावर. बेळगावसारख्या ठिकाणी तरी पहिल्या मॉड्यूलपासून दोन्ही भाषा शेजारी शेजारी चालवा.

कणकुंबी_पाऊस
थोडं अवांतर. "चिंतन" या शब्दानंच घोटाळा केलाय असं मला वाटतं. चिंतन म्हटलं की माणूस डोळे मिटतो. "आढावा" म्हटलं की मोजायला लागतो: चौदा फ्रेम, दोन मीटिंग. आपल्याकडे तिसरा शब्द आहे, मागोवा. आमच्या जंगलाच्या भागात माग काढणं हे रोजचं. गवा कुठून आला, कुठं थबकला, कुठं वळला हे चिखलातल्या खुरांवरून वाचायचं. माग काढणारा माणूस गवा किती पावलं चालला ते मोजत नाही, तो वळण शोधतो. ताई, तुमच्या आठवड्यात टीम कुठं वळली ते शोधा.

वडगावचा_माग
कणकुंबीकर, माग म्हटल्यावर मला बोलावंच लागणार, आमच्याकडं माग म्हणजे हातमाग आणि यंत्रमाग. माझं घर वडगावात, तिसरी पिढी साडीच्या धंद्यात.

माझ्या वडिलांची एक सवय होती. ताण्याचा धागा तुटला की गाठ मारून माग पुढं चालू करायचा, हे सगळेच करतात. ते खांबावर खडूनं एक रेघही ओढायचे, आणि रेघ कुठं ओढायची ते ठरलेलं. धागा बीमजवळ (ताणा गुंडाळलेला रूळ) तुटला तर खाली, वहीजवळ (ताणा वर-खाली करणाऱ्या तारांची चौकट) तुटला तर मधे, फणीजवळ तुटला तर वर. आठवडा संपला की शनिवारी खांबाकडं बघायचे. एकदा मधल्या भागात नुसता गुंता झाला रेघांचा. त्यांनी वहीच्या तारा एकेक करून बोटानं चाचपल्या, तर एका तारेचा डोळा खरबरीत झालेला सापडला. तार बदलली, विषय संपला. शेजारचे त्याच आठवड्यात सुताच्या व्यापाऱ्याशी भांडत होते, सूतच खराब म्हणून.

किती साड्या निघाल्या ते वडिलांना लिहावं लागत नसे, ते सावकाराच्या वहीत असायचं. खांबावर फक्त तुटलेल्या धाग्यांच्या रेघा.

पाठ_टाचण
वडगावकर, डोळ्यांत पाणी आणलंत. हा खांब माझ्या टाचणवहीपेक्षा भारी आहे.

निपाणीकर, तुमच्या गुणांच्या प्रश्नावर. तपासणीला साहेब येणार म्हणून मीही सात वर्षं खोटा शेरा लिहिला, म्हणून तुमचं म्हणणं मला पटतं. पण फरक कशानं पडला ते सांगतो. चूक मुलांची किंवा माझी म्हणून लिहिली की भीती वाटायची. चूक पाठाची म्हणून लिहिली की भीती गेली. "मी कमी पडलो" असं लिहू नका, "सातवी फ्रेम कमी पडली" असं लिहा. फ्रेमचे गुण कोण कापणार?

निपाणीकर_१४
गुरुजी, हे मला आजवर कुणी सांगितलं नव्हतं. आमच्या त्या गैरहजर मित्राचंही आता वेगळं दिसतंय. आमची मीटिंग रोज रात्री नऊला असायची आणि त्याचं तंबाखूचं दुकान साडेनवाला बंद व्हायचं. वेळ चुकीची होती हे लिहिता आलं असतं. त्याला कुणी विचारलंसुद्धा नाही.

तरी गुण असू नयेत यावर मी ठाम आहे.

पुणे_बेळगाव_पुणे
मीही माझं मत थोडं बदलतो. नुसतं बोलून भागत नाही. बोललेलं दोन आठवड्यांत विसरतं, खांबावरची रेघ राहते. पण तिसरं_गेट, तुमच्या धारवाडच्या मित्राला खटकलं होतं आणि तो बोलला नाही, हे तुम्हाला फोनवरच कळलं ना? दोन्ही लागेल.

मॉड्यूल_चार
डोनाल्ड शॉन यांनी १९८३ मध्ये दोन प्रकारचा विचार वेगळा करून दाखवला होता, काम चालू असताना हातासरशी होणारा आणि काम झाल्यावर मागे वळून केलेला. खटकणं हा पहिला प्रकार. तो क्षणात येतो आणि टिपला नाही तर जातो. म्हणून मी टीमला सांगते, शनिवारची वाट बघू नका. खटकलं की ग्रुपवर एक शब्द टाका: "खटकलं, फ्रेम ७". कारण शनिवारी सांगा. आमच्या टीममध्ये शनिवारचं लिखाण त्या शब्दांवरूनच होतं.

खडेबाजार_सकाळी_आठ
ताई, आता शनिवारी काय लिहिणार ते इथंच लिहा. आम्ही सगळे तपासतो. पास झालात तर कुंदा माझ्याकडून.

तिसरं_गेट
लिहिलंय. सहाव्या आठवड्याचं, काल रात्री. बरोबर तीनशे शब्द झाले नाहीत, पण सरांना असंच पाठवलं:

"सोमवारी आम्हाला वाटत होतं की मॉड्यूल दोन पूर्ण झालं आहे. आज तसं वाटत नाही.

मागच्या बुधवारी एका अनुभवी कामगारानं सातव्या फ्रेमच्या प्रश्नाचं बरोबर उत्तर दिलं आणि लगेच विचारलं की खात्री करायची म्हणजे काय करायचं. आमचा प्रश्न असा होता की फाउंड्री कधीच न पाहिलेला माणूसही बरोबर उत्तर देईल. मी हे त्याच दिवशी पाहिलं आणि चिंतनात लिहिलं नाही, कारण स्टोरीबोर्ड पूर्ण झाल्याचं मला आधीच कळवायचं होतं.

फ्रेम सात काढली आहे. तिच्या जागी पंचेचाळीस सेकंदांचं चित्रण येईल: बर्नरखाली अस्तर काळपट असताना, वाफेची रेघ निघत असताना, आणि तळ लालसर झाल्यावर. तीन ठिकाणी चित्रण थांबेल आणि विचारेल, आता रस घ्याल का? कन्नडमध्ये 'ओद्दे' ऐवजी 'हसी' येईल, मराठीत 'आत ओल राहिलेली'. भाषांतर करणाऱ्या सहकाऱ्याला हा शब्द आधीच खटकला होता, पण बोलायला आमच्याकडे जागा नव्हती. आता ग्रुपवर 'खटकलं' एवढाच शब्द टाकायचं ठरलं आहे. तीन दिवसांत तो सहा वेळा आला.

भिजलेल्या भंगाराची फ्रेम नवीन घातली. ती आम्हाला सुचली नव्हती, काम करणाऱ्या माणसानं सांगितली.

मॉड्यूल एक आम्ही अजून कुणाही कामगाराला दाखवलेलं नाही. वेळापत्रक एका आठवड्यानं मागे गेलं आहे. रेकॉर्डिंग पुढं ढकललं."

शेवटचं वाक्य लिहिताना हात थांबला होता. मागे पडलो हे याआधी कधीच लिहिलं नव्हतं.

जांबोटी_घाट
"मॉड्यूल एक अजून कुणाला दाखवलेलं नाही" हे वाक्य वाचून मला तुमच्या कोर्सवर भरवसा वाटायला लागला.

धारवाड_पेढा
कन्नड मजकूर पूर्ण झाला की मला पाठवा ताई. मी आणि माझे मामा, दोघं वाचतो. मामा पूर्वी फाउंड्रीतच होते.

निपाणीकर_१४
सरांनी काय शेरा दिला?

तिसरं_गेट
अजून आलेला नाही. दुसरं मात्र एक झालं. आमच्या पुण्याच्या सहकारीनं माझं वाचून स्वतःचं पुन्हा लिहिलं. तिनं लिहिलंय की मॉड्यूल एकमधला निवेदकाचा आवाज तिला पहिल्या आठवड्यापासून फार पुस्तकी वाटतोय.

उद्यमबाग_दुसरी_पाळी
मग मॉड्यूल एक घेऊन शनिवारी दुपारी या. दुसरी पाळी अडीचला सुरू होते, दोन वाजता गेटवर थांबतो. नवीन लागलेली तीन पोरं हायत, दोन मराठी, एक कन्नड. त्यांच्या हातात मोबाइल द्या, आपण लांब उभारून बघूया. आणि ताई, साडी-ओढणी सुती असू दे, नायलॉन नको. बूट घालून या.

तिसरं_गेट
दोनला पोचते. बूट आहेत, कॉलेजच्या वर्कशॉपचे.

खडेबाजार_सकाळी_आठ
कुंदा अर्धा किलो, शनिवारी दोनला गेटवर.